औरंगपुऱ्याचं रान

बाकीच्यांच्या आठवणींत माणूस घर सोडून जातो. माझ्या बाबतीत उलटं झालं. मी जागेवर राहिले आणि घर निघून गेलं.

मी नऊ वर्षांची होते. फुलंब्रीला मुलींचं एक वसतिगृह होतं. त्याच्या दारात आबांनी मला आणि माझ्या पत्र्याच्या पेटीला शेजारी शेजारी उभं केलं. मागं रस्त्यावर आमची मेंढरं थांबली होती. दोन घोडी होती, त्यांच्या पाठीवर भांडी, घोंगड्या आणि सगळ्यात वर पाय बांधलेल्या कोंबड्या. धाकटा भिवा मायच्या कडेवर पेंगत होता. आबा वसतिगृहाच्या बाईंना म्हणाले, "पोरगी हुशार हाय. शाळंला राहू द्या." मायनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि एवढंच म्हणाली, "सुमे, कुनासंगं भांडू नको." मग मेंढरं हलली, त्यांच्यामागं घोडी हलली, माय हलली. धूळ खाली बसायला बराच वेळ लागला. ती बसेपर्यंत मी तिथंच उभी होते.

मला कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर मी नाही म्हटलं असतं, हे आबांना ठाऊक असणार, म्हणूनच विचारलं नसेल. आज मला त्या शाळेचं चांगलंच वाटतं. पण त्या सकाळचा राग माझ्याकडं अजून थोडा शिल्लक आहे, तो मी कशाला लपवू?

हे मी लिहितेय आपल्या सगळ्यांसाठी. जे अजून मेंढरांमागं चालताहेत त्यांच्यासाठी, आणि जे माझ्यासारखे एका जागी बसून पेन्शन खाताहेत त्यांच्यासाठीही. चालणाऱ्यांना वाटतं, बसलेल्यांचं बरं आहे. बसलेल्यांना उन्हाळा आला की तळपायाला मुंग्या येतात. दोघांनाही एकमेकांचं पुरतं कळत नाही.

फुलंब्रीहून मी शहरात आले ती नर्सिंगच्या ट्रेनिंगला. तेव्हा शहराला औरंगाबादच म्हणायचे. सरकारी दवाखान्यात नोकरी लागली आणि माझी भाषाच बदलली. ड्यूटी, नाईट, ऑफ, वॉर्ड, चार्ट. 'लई' जाऊन 'खूप' आलं, 'व्हय' जाऊन 'हो' आलं. लग्न झालं ते आपल्यातल्याच घरात, पण त्यांच्याकडं दोन पिढ्यांपासून शेती आणि नोकरी. सासरी मेंढरू बघायचं तर फोटोतच. हे पाटबंधारे खात्यात क्लार्क होते. स्वभावानं गरीब, इतके गरीब की कधी कधी मला त्याचाच राग यायचा. मीना झाली, राजू झाला. हर्सूलकडच्या अंगाला एका कॉलनीत आम्ही तीन खोल्यांचं घर घेतलं, खिडकीत कूलर बसवला, आणि मी पक्की शहरातली झाले.

उन्हाळा संपत आला की आबांचा तळ हर्सूलच्या पुढं पडायचा. पावसाआधी शेतकऱ्यांना मेंढरं शेतात बसवून हवी असतात, लेंड्यांचं खत होतं म्हणून. दोन-तीन आठवडे तळ तिथंच. त्या दिवसांत मी ऑफच्या दिवशी डबा घेऊन जायची, आणि एक दिवस मायला-आबांना शहरात आणायची. औरंगपुऱ्यात फिरवायचं, मायला बांगड्या, पोरांना काहीतरी गार, की संध्याकाळी हर्सूलच्या गाडीत बसवून द्यायचं. आबा आमच्या घरी येत, ओट्यावर बसत, पाणी पीत, फार आग्रह केला तर अर्धा कप चहा घेत. मुक्काम नाही म्हणजे नाही. "लेकीच्या घरी कामून झोपावं?" त्यांचं ठरलेलं उत्तर. काही म्हटलं तरी ते ऐकायचे नाहीत.

मी सांगतेय त्या उन्हाळ्यात मीना आठ वर्षांची होती आणि राजू पाचचा. तळावर गेले तर माय चुलीपुढून उठताना आधी जमिनीवर एक हात टेकवत होती, मग दुसरा, मग गुडघा धरून वर येत होती. दोन्ही गुडघे सुजलेले. मी हात लावून बघितलं. वॉर्डात असे गुडघे रोज बघत होते, त्यामुळं स्वतःची समजूत घालायलाही जागा नव्हती. "किती चालतेस गं?" विचारलं तर म्हणाली, "समदे चालत्यात तेवढं." चार-पाच कोस. रोज.

बसमध्ये परत येतानाच मी ठरवून टाकलं की मायला या वर्षी पुढं जाऊ द्यायचं नाही, आपल्याकडं ठेवून घ्यायचं. तळ हलायला अजून तीन आठवडे होते. अडचण एकच होती, आबा. जो माणूस लेकीच्या घरी दुसरा कप चहा घेत नाही, तो बायकोला तिथं कायमची ठेवेल कशाला? म्हणून मी आमच्या त्या नेहमीच्या फिरायच्या दिवसाला कामाला लावायचं ठरवलं. एक दिवस असा घालवायचा की आबांना शहर सोपं वाटलं पाहिजे.

ड्यूटी चार्टच्या पाठीमागं मी सगळं लिहून काढलं. दहाला रिक्षा. साडेदहाला मायला मऊ चपला, मग लुगडं. साडेबाराला एका हॉटेलच्या थंड हॉलमध्ये जेवण, तिथं फॅमिली रूम आणि दोन मोठे कूलर होते. दोन वाजता तिथंच फालुदा, आणि फालुदा संपत आला की मी आबांपुढं विषय काढणार. पोट गार असलं की माणूस ऐकून घेतो, असा माझा हिशेब. काय बोलायचं तेही ठरवलं होतं आणि रोज रात्री भाकरी थापताना ह्यांना म्हणून दाखवत होते. हे ऐकायचे, मान हलवायचे. शेवटच्या रात्री मात्र मान न हलवता नुसते म्हणाले, "बघ बाई, कसं जमतंय ते." तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

ठरलेल्या रविवारी सकाळी साडेसहाला दार वाजलं. मी तोंडात ब्रश घेऊन दार उघडलं तर दोघं उभी. आबांचं मुंडासं नवं, मायच्या हातात भाकरीचं गाठोडं.

"चला," आबा म्हणाले. "उनं तापायच्या आत निघू."

"आबा, दुकानं दहाला उघडतात."

"उघडतील की. तवर ही सावलीसावलीनं चालंल. दुपारी बसायचं. उनं कलली की मंग ऱ्हायलेलं."

माझ्या चार्टवरचा दहाचा आकडा तिथंच गळाला. हे अंघोळ करून, भांग पाडून तयार होते. ते रविवारी आठच्या आत उठत नाहीत, हे माझ्या ध्यानात यायला हवं होतं, पण तेव्हा मी चिडण्यात गुंतले होते.

एका रिक्षात आम्ही सहाजण. आबा ड्रायव्हरशेजारी, पोरं मांडीवर, गाठोडं मायच्या पोटाशी. औरंगपुऱ्यात उतरलो तेव्हा आठ वाजले होते. फुलवाले हार ओवत होते, भाजीच्या गाड्या लागत होत्या, दुकानांपुढं पाणी मारत होते. इतक्या वर्षांत इतका मोकळा औरंगपुरा मी पाहिलाच नव्हता. आबांनी आम्हाला उभं केलं आणि रांगेत लावून घेतलं. स्वतः पुढं. त्यांच्यामागं पोरं. मध्ये माय, तिच्या अंगाला मी. "पाव्हणं, तुमी मागं ऱ्हा," असं ह्यांना सांगितलं, आणि पाटबंधारे खात्याचे सीनियर क्लार्क निमूटपणे शेवटी जाऊन उभे राहिले.

मग आबा चालायला लागले. मी शहर दाखवायला आणलेला माणूस मला शहर दाखवत होता. रस्त्याच्या ज्या बाजूला सावली, त्याच बाजूनं ते चालत. एका वळणावर त्यांनी अशा बोळात वळवलं की जिथं मी कधी गेले नव्हते. बोळाच्या तोंडाशी एका किराणा दुकानापुढं माठ होता, वर झाकण, झाकणावर पितळी पेला. आबांनी आधी पोरांना पाजलं, मग मायला.

"आबा, हा माठ तुम्हाला कसा ठाऊक?"

"रानात पानी हुडकतो. हितं नाय का हुडकनार?"

मला ते पटलं. पटलं म्हणण्यापेक्षा, मला वाईट वाटलं. माझ्या चार्टवर चपला होत्या, लुगडं होतं, फालुदा होता. पाणी कुठंच नव्हतं.

चपलांच्या दुकानात मायनं मऊ चपलांचा एक जोड घालून पाहिला. दुकानात इकडून तिकडं चालली आणि म्हणाली, "पायात हाय का नाय कळतच नाय." आबांनी चप्पल हातात घेऊन वाकवली, तळवा दाबला आणि दुकानदाराला विचारलं, "चढाला घसरत्यात का?" आतापर्यंत औरंगपुऱ्यात त्याला हे कुणी विचारलं नसावं. तो माझ्याकडं बघायला लागला. "नाही घसरत, आबा," मी म्हटलं, "आणि इथं चढ कुठंय?" आबांनी चप्पल मायच्या पायाशी ठेवली. लुगड्याला मात्र वेळ लागला, कारण मायला जो रंग आवडे तो आबांच्या मते उन्हात लवकर विटणारा होता.

बारा वाजत आले. ऊन वर आलं, मीनाची भुणभुण सुरू झाली. मी म्हटलं, आता माझी पाळी. "चला, आता मी नेते तिकडं. मस्त गार जागा आहे," असं म्हणून मी हॉटेलच्या दिशेनं निघाले. बोळाच्या तोंडाशी आबा थांबले.

"तिथं नको सुमे. तिथं अठरा पायऱ्या हायेत. उभ्या. अन कठडा बी हालतोय."

मी जागच्या जागी उभी राहिले. हॉल पहिल्या मजल्यावर होता, खरंच. मी तिथं चारदा जेवले होते, दवाखान्यातल्या मैत्रिणींबरोबर. ज्या मायच्या गुडघ्यांसाठी मी हा सगळा घाट घातला होता, तिला मी अठरा पायऱ्या चढवायला निघाले होते. मी, गुडघ्यांच्या पेशंटना रोज जिने टाळा म्हणून सांगणारी.

"तुम्ही कधी गेला होतात तिथं?" मी विचारलं. आबांनी पोरांना पुढं घेतलं. मागं वळून ह्यांच्याकडं बघितलं तर हे एका भिंतीवरचं पोस्टर फार लक्ष देऊन वाचत होते.

आबांनी आम्हाला पुढच्या गल्लीत नेलं. तिथं कापूस पिंजून गाद्या-रजया भरणाऱ्या एका म्हाताऱ्या मियांचं दुकान होतं. दुकानापुढं रुंद ओटा, ओट्यावर कडुलिंबाची दाट सावली. आम्हाला बघून मियां उठून उभे राहिले.

"आओ चचा, आओ. मैं राह देखरा था." मग माझ्याकडं वळून हसत म्हणाले, "कल दोपहर कू आए थे तुम्हारे अब्बा. बोले, कल मेरे लोगां आते, छे जने हैं, धूप उतरे तक हियाँ बैठतें, घाण नहीं करते. मैं बोला, चचा, ये क्या खेत है? बैठो ना, किसने मना किया."

तिथं मला सगळं कळलं. आपल्या लोकांना वेगळं सांगायला नको, पण पोरांसाठी सांगते. तळ हलवायचा तर आदल्या दिवशी एक माणूस पुढं जातो, रान बघून येतो. पाणी कुठं, सावली कुठं, काटा कुठं, कुणाचं शेत, मालकाची ना आहे का. मगच मेंढरं हलतात. आबांनी औरंगपुऱ्याचं रान बघितलं होतं. आदल्या दिवशी, ऐन उन्हात, एकट्यानं. आणि दुपारी बसायला सावली मिळाली म्हणून रीतीप्रमाणे मालकाला काहीतरी द्यायला हवं, तर फडक्यात बांधून कोकराच्या लोकरीची मूठभर पुरचुंडी देऊन आले होते. मियांनी ती फळीवरून काढून दाखवली. "मैं बोला, चचा, इसमें तो बच्चे का तकिया भी नहीं भरता." पण ठेवली होती जपून, उदबत्तीशेजारी.

मायनं गाठोडं सोडलं. भाकरी, ठेचा, कांदा. पोरं दुकानातल्या कापसाच्या ढिगात लोळत होती आणि मियां त्यांना काही म्हणत नव्हते. ह्यांनी फार मन लावून कांदा सोलायला घेतला.

"तुम्हाला ठाऊक होतं," मी ह्यांना म्हटलं. "मी कुठं कुठं जायचं ठरवलंय ते आबांना तुम्हीच सांगितलं ना?"

"आबा काल ऑफिसात आले होते," हे कांद्याला म्हणाले.

"कशाला?"

"सांगू नका म्हणाले होते."

"मीच गेल्तो," आबा म्हणाले. "पाव्हण्यांवर डाफरू नको. हिला तुमच्याकडं ठेवायचं माझ्या मनात व्हतं. मंग इचाराया नको का?"

तीन आठवडे मी ज्यांना पटवायची तयारी करत होते, तेच मागायला येऊन गेले होते. आणि हे काल रात्रीपर्यंत माझं भाषण ऐकत बसले होते. मला हसावं की रडावं ते कळेना. "आबा, तुम्ही तर अर्धा कप चहा घेता माझ्याकडं," मी म्हटलं. "मग हे कसं काय?"

आबांनी भाकरीचा तुकडा खाली ठेवला. पोरांकडं बघत बोलायला लागले, आमच्याकडं नाही.

"हिवाळ्यात पैठणच्या वाटंला व्हतो. तळावर पोचलो. मेंढरांवरनं नजर फिरवली, समदी व्हती. एक लंगडं कोकरू व्हतं, त्ये भिवानं खांद्यावर आनलं. मेंढरांभवती जाळीची वाघूर लावली, कुत्री बांधली. मंग बसलो, चहा पाहिजे म्हनलं. तर चूल पेटलेली नाय. ही नवतीच. गुडघा आखडला म्हनून दुपारी बाभळीखाली टेकली, ती तिथंच ऱ्हायली. मी मागं दोन कोस पळत गेलो, तवा दिवस बुडत व्हता." आबांनी भाकरीचा तुकडा पुन्हा उचलला, मग म्हणाले, "मेंढरू ऱ्हायलं असतं तर चार पावलांत कळलं असतं मला. ही ऱ्हायली, अन मला कळलं कवा, तर चहा पाहिजे झाला तवा."

 पिंजणाची तार थांबली होती. मियांनी ऐकलं असणार.

"म्हनून रीतभात ठेवली बाजूला," आबा म्हणाले. "पन कुनाच्या बी शेतात बसायचं तर मालकाला इचारल्याबिगर कसं बसावं? म्हनून पाव्हण्यांना इचारलं. ते व्हय म्हनले."

इथं माझा राग पुन्हा वर आला. आबांची दया येत होती, आणि त्याच वेळी राग येत होता. दोन्ही एकदम येतं, खोटं कशाला बोलू. त्या घरात मी पहाटे उठत होते, तिथली प्रत्येक खुंटी मी ठोकून घेतली होती, कूलरमध्ये पाणी मी भरत होते, आणि मालक म्हणजे हे? आबांनी माठवाल्याला विचारलं होतं, मियांना विचारलं होतं, जावयाला विचारायला ऑफिसापर्यंत गेले होते. मी पुन्हा एकदा पत्र्याच्या पेटीशेजारी उभी होते. पण आबांच्या तोंडाकडं बघून मी भाकरी मोडायला घेतली.

 माय लुगड्याला चिकटलेला कापूस चिमटीनं काढत होती.

"झालं का बोलून?" ती आबांना म्हणाली. "बाभळीखाली मी काय रडत नवते बसले. लई वर्सांनी निवांत बसले व्हते. त्याचं येवढं काय मनाला लावून घ्यायचं नाय." मग कापूस झटकला. "पन एक सांगा. पान्याचं इचारलं, सावलीचं इचारलं, पाव्हण्याला घराचं इचारलं. मला इचारलं का?"

आबा गोंधळले. "तुला काय इचारायचं? तुझ्याचसाठी तर चाललंय समदं."

"मंग इचारा."

आबांनी आजूबाजूला बघितलं. मियां उगाच सुईत दोरा ओवायला लागले. हे दुसरा कांदा शोधू लागले. चाळीस वर्षांच्या संसारात आबांनी मायला सांगितलं होतं, हाका मारल्या होत्या, क्वचित शिव्याही दिल्या असतील, पण विचारल्याचं मला तरी आठवत नाही. ते मुंडासं सारखं करत, खाली बघत म्हणाले, "ऱ्हातीस का मंग?"

 माय माझ्याकडं वळली.

"सुमे, तू सांग. घर तुझं हाय. मी ऱ्हायलेली चालंल का तुला?"  तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "तुला फुलंब्रीला ठिवलं तवा इचारलं नवतं कुनी. यांनी बी नाय अन मी बी नाय. लई दिस मनात हाय त्ये माझ्या. म्हनून आता इचारते. नको असंल तर नको म्हन. मला राग नाय यायचा."

तीन आठवडे पाठ केलेलं भाषण माझ्याजवळ होतं. त्यातला एक शब्द आठवेना. सिस्टर, खूप, हो, सगळं कुठल्या कुठं गेलं, आणि तोंडातून निघालं, "चालंल. लई चालंल, माय." आणि मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, औरंगपुऱ्यात, भर दुपारी, दोन पोरांची आई. मियांनी पाण्याचा तांब्या पुढं केला. राजूनं कापसातून डोकं वर काढून विचारलं, "आता फालुदा मिळणार का?" हे लगेच उठले. स्टीलचा डबा घेऊन ते त्या अठरा पायऱ्या दोनदा चढले-उतरले, आणि सगळ्यांना, मियांनासुद्धा, ओट्यावर फालुदा आणून दिला. माझ्यापासून लपवाछपवी केल्याची शिक्षा त्यांनी स्वतःच भोगून टाकली. आबांनी फालुद्यातल्या शेवयांकडं बराच वेळ संशयानं बघितलं आणि मग पूर्ण पेला संपवला.

संध्याकाळी हर्सूलच्या गाडीत आबा एकटेच चढले. दुसऱ्याच दिवशी तळ हलला.

मायनं आमच्याकडं अकरा वर्षं काढली. सुरुवातीला पहाटे चारला उठून बसायची आणि घरात करण्यासारखं काही सापडेना म्हणून हैराण व्हायची. गॅसला घाबरली नाही, कूलरला मात्र शेवटपर्यंत पाठ देऊन बसायची. शेजारणी विचारायच्या, "आजी, तुमचं घर कुठलं?" तर ती थोडा विचार करून म्हणायची, "आता पैठणकडं असंल." किंवा, "या महिन्यात कन्नडच्या अंगाला." शेजारणी हसायच्या, पण ती चेष्टा करत नव्हती, हिशेब करून सांगत होती. आबा वर्षातून तीन-चारदा यायचे. ओट्यावर बसून मायला विचारायचे, "गुडघं कसं हायेत? करमतंय का?" विचारायची सवय लागली होती त्यांना. मग अर्धा कप चहा, आणि ऊन असताना परत. मुक्काम त्यांनी कधीच केला नाही.

आता दोघंही नाहीत. भिवानं मेंढरं निम्मी केली, पण चालतो अजून. मीना पुण्याला, राजू त्याहून लांब. शहराचं नाव बदललं. औरंगपुऱ्यात दुचाकी लावायला जागा मिळत नाही, मियांच्या दुकानात मोबाईलची कव्हरं टांगली आहेत, कडुलिंब तोडून ओट्यावर शटर आलंय. मीना फोनवर विचारते, "आई, तुला तुझ्या घरची आठवण येते का?" मी तिला म्हणते, कुठल्या? आबांचं घर चालत होतं. वसतिगृह सरकारचं होतं. नंतर मी ह्यांच्या घरी आले, असंच सगळे म्हणायचे, मीही म्हणायची.

पण माय राहायला आली त्या दिवसापासून ती कुणालाही सांगताना एकच सांगायची, "सुमीच्या घरी असते मी." दूधवाल्याला तेच, फुलंब्रीच्या गाडीच्या कंडक्टरला तेच, तळावरून निरोप घेऊन येणाऱ्यांना तेच. तिला कुणी दुरुस्त केलं नाही, ह्यांनीही नाही.

दारावर पाटी अजून ह्यांच्याच नावाची आहे. गेल्या उन्हाळ्यात दुपारी बेल वाजली. दारात आपल्यातलीच एक बाई उभी होती, डोक्यावर पदर, हातात दवाखान्याचे कागद, एक पाय ओढत आलेली. कोपऱ्यावरचा दुकानदार तिला दारापर्यंत सोडून गेला होता. तिनं पाटी वाचली नाही, तिला वाचता येत नव्हतं. तिनं माझ्याकडं बघून विचारलं, "सुमीचं घर ह्येच का?"

"व्हय," मी म्हटलं. "ह्येच. ये आत."